प्रलयाला एवढी घाई कशाला?



‘आर्मागेडन’, ‘२०१२’ हे सिनेमे तुम्ही टीव्हीवर हिंदीतून पाहिलेत, तेव्हा कथा सांगत बसत नाही. मला ते मनापासून आवडतात. एरवी एकमेकांची ओळखही नसलेली माणसं अंधारात एकाच लाटेला घाबरतात, ही साधी गोष्ट नाही. ‘२०१२’मध्ये सूर्याकडून आलेले न्यूट्रिनो पृथ्वीचं पोट तापवतात. प्रत्यक्षात ते आपल्या अंगातून क्षणोक्षणी आरपार जातात, कुणाला पत्ताही लागत नाही. ही थाप मी पचवतो. पचत नाही ती घाई. धोका आधी ओळखणारा सतनाम भारतातला; त्याला न्यायला विमान येतच नाही. एक फोन होतो, लाट येते, आणि सिनेमा पुढच्या स्फोटाकडे पळतो. त्याच्यासाठी थांबायला कुणाला वेळ नाही.

आता घाई नसलेली गोष्ट : तुमची फरीदबाबांची टेकडी. टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल फरीदबाबांनी दगड केला, ही कथा इथल्या पोराला पाठ आहे. (मागून आवाज : सर, बाबाच्या दगडाले हात नोका लावू!) नाही लावत, दादा. (हशा) श्रद्धेबद्दल मी बोलतच नाही. भूशास्त्र त्या गोट्यांना झिओलाइट म्हणतं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि खनिजाचे थर साचत गेले. तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, दख्खनचा. लाखो वर्षं थांबत-थांबत वाहिलेला.

त्याच काळाच्या आसपास शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुऱ्याला, डायनासोर चरत होते. त्यांच्या शेणाचे दगड झालेत. (हशा) हसा, पण ऐका. ते दगड विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर गवताच्या पानांतले सिलिकाचे कण सापडले. डायनासोरच्या काळी गवत होतं, हे २००५ साली जगाला कळलं ते पिसदुऱ्याच्या शेणातून! गवत खाणारा तो प्राणी, दर पिढीला थोडं जास्त तापणारं आभाळ, मध्येच शांत गेलेली हजारो वर्षं... याच्यापुढे कुठली लाट टिकेल?

मोठे सिनेमे मात्र मेक्सिकोत आदळलेला अशनीच निवडतात. एका दिवसात काम तमाम. डायनासोर संपण्यात लाव्ह्याचा वाटा किती आणि अशनीचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत, आणि ते भांडणसुद्धा पडद्यावर यायला हवं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? नारळीकरांच्या विज्ञानकथांवर अर्धा तास बोलणार होतो. त्यांची ‘हिमप्रलय’ ही कथा तेवढी वाचा. मुंबईत बर्फ पडतं, पण का पडतं ते आधी समजावून घ्यावं लागतं. विदर्भातल्या कुण्या पोरानं दख्खनच्या लाव्ह्यावर असाच धीराचा सिनेमा करावा, एवढंच मागणं आहे माझं. आणि पिसदुऱ्याला गेलात तर दगड खिशात घालू नका. जागचा हलला की तो कुठल्या थरातला, हे मग कुणालाच सांगता येत नाही.