शितावरून भाताची परीक्षा
(संख्याशास्त्राचा परिचय व त्याचे महत्त्व)



'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण मराठी घरात कोणास ठाऊक नाही? भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सगळे भांडे चाखून पाहत नाही. ती एक शीत बोटांत चेपते आणि सर्व भाताविषयी निर्णय देते. हा निर्णय बहुधा बरोबर ठरतो. परंतु तो का बरोबर ठरतो व कोणत्या वेळी चुकेल, याचा विचार क्वचितच होतो. भात सर्वत्र सारखा शिजला असेल तर कोणतेही शीत सर्वांचे प्रतिनिधी होऊ शकते. वरचा भात कच्चा आणि तळाचा करपलेला असेल, तर मात्र वरचे शीत एक सांगते व तळाचे दुसरेच. थोड्यांवरून पुष्कळांविषयी अनुमान कसे करावे, आणि त्या अनुमानात चूक किती संभवते, हे ठरविणे संख्याशास्त्राचे एक मुख्य कार्य होय. आकड्यांचे रकाने भरणे म्हणजे संख्याशास्त्र, हा समज त्यामुळे अपुरा आहे. रकाने हे त्याचे साहित्य आहे. विवेक हा त्याचा प्राण आहे.

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या शिवाराचे उदाहरण घ्यावे. खरिपाच्या शेवटी 'यंदा सोयाबीन कसे आले?' असा प्रश्न विचारला, तर प्रत्येक शेतकरी आपल्या रानावरून उत्तर देईल. ज्याची जमीन भारी, तो एक सांगेल. ज्याची मुरमाड, तो दुसरे सांगेल. वाटेवरून जाणारा प्रवासी वाटेकडेची शेते पाहून तिसरेच मत बनवील. यांपैकी कोणीही असत्य बोलत नाही, तरीही शिवाराचे सत्य यांपैकी कोणाच्याही हाती लागलेले नाही. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर आणेवारीने दिले जाई. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक आणि आठ आणे म्हणजे निम्मे, असा अंदाज अनुभवी माणसे डोळ्यांनी करीत. पुढे दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आतील आकडा आला म्हणजे टंचाईच्या सवलतींचा विचार करावयाचा, ही रीत दीर्घकाळ चालत आली. एका आकड्याच्या अलीकडे वा पलीकडे शेकडो कुटुंबांचे वर्ष अवलंबून असे. असा आकडा केवळ नजरेवर सोडणे धोक्याचे आहे, हे उघड आहे.

नजरेच्या जागी मोजमाप आणण्याच्या कार्यात ज्यांनी मोलाची भर घातली, त्यांत एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी येते. पुसेगाव नावाचे दुसरे एक गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे ते प्रसिद्ध आहे. त्याच तालुक्यातील बुध या गावी १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये त्यांनी संख्याशास्त्रात पीएच.डी. मिळविली. १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक-पाहणीच्या शास्त्रशुद्ध पद्धतींवर काम केले. १९५१ ते १९७० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, रोम येथे, त्यांनी संख्याशास्त्र विभागाची धुरा वाहिली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. जगातील किती माणसे अर्धपोटी राहतात, या प्रश्नाचे उत्तर मोजमापाने शोधणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्या जागतिक कार्याचा पाया शेतातल्या दोरीने आणि तराजूनेच घातला गेला होता.

पीक कापणी प्रयोगाची कल्पना साधी आहे. सर्व गावे मोजणे शक्य नाही, म्हणून काही गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाची. त्या गावांतील काही गट क्रमांक त्याच रीतीने काढावयाचे. निवडलेल्या शेतात पुन्हा यदृच्छेने आलेल्या अंकांइतकी पावले लांबीच्या व रुंदीच्या बाजूने चालून जावयाचे, आणि जेथे पाय थांबेल तेथे खुंटी ठोकावयाची. तेथून आखलेल्या तुकड्यातील पीक कापून, मळून, तोलावयाचे. या रीतीचे मर्म हे की, जागा निवडण्यात कोणाची आवड, दया किंवा भीती यांस वाव राहत नाही. पीक चांगले आहे म्हणून एखादी जागा घेता येत नाही, आणि वाईट आहे म्हणून ती टाळताही येत नाही. असा निःपक्षपाती नमुना म्हणजेच नीट ढवळलेल्या भातातील शीत होय.

परंतु जागा निःपक्षपातीपणे निवडली तरी हात चुकू शकतो. आखलेल्या रेषेवर उभे असलेले झाड आतले धरावे की बाहेरचे? कापणाऱ्याचा हात सहसा ते आत ओढतो. समजा, सर्व बाजूंनी अवघे ५ सेंटिमीटर जास्त पीक कापले गेले. तुकडा १ मीटर चौरस असेल, तर प्रत्यक्षात १.१ गुणिले १.१, म्हणजे १.२१ चौरस मीटर पीक हाती येते. शेकडा २१ ची वाढ झाली. तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असेल, तर १०.१ गुणिले ५.१, म्हणजे ५१.५१ चौरस मीटर होतात. वाढ शेकडा ३ च्या सुमारास राहते. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची परिमिती मोठी, आणि तितका हा दोष मोठा. लहान तुकड्यांमुळे उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून दाखवून दिले.

या उदाहरणातून चुकीचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एका शेतात आकडा थोडा अधिक, दुसऱ्यात थोडा उणा, अशा चुका पुष्कळ प्रयोगांत परस्परांस छेदतात. नमुना वाढविला म्हणजे त्या कमी होतात. पण जी चूक सदैव एकाच बाजूस झुकते, ती हजार प्रयोग केले तरी कमी होत नाही. तराजूच जड असेल तर तोलण्याच्या फेऱ्या वाढवून काय उपयोग? तेथे हातच सुधारावा लागतो.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. २०१६ पासून चालू असलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत क्षेत्राचे सरासरी उत्पन्न ठरविण्यासाठी पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. ५० चौरस मीटरांच्या तुकड्यात ६ किलो सोयाबीन निघाले, तर हेक्टरी आकडा दोनशेपट, म्हणजे १,२०० किलो होतो. तोलताना एका किलोची चूक झाली, तर त्या प्रयोगाचा हेक्टरी आकडा २०० किलोंनी चुकतो. हा आकडा फुगला, तर ज्याच्या शेतात खरोखरच पीक बुडाले त्याचे नुकसान कागदावर दिसत नाही. तो शेतकरी त्या प्रयोगाच्या वेळी उपस्थितही नसतो. त्याच्या वतीने तेथे फक्त मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणा उभा असतो.

आता शेतातून शाळेत यावे. शाळेतील सर्वांत परिचित आकडा म्हणजे हजेरीची सरासरी. एका वर्गात २० मुले आहेत व महिन्यात २५ दिवस शाळा भरली, असे धरावे. एकूण ५०० उपस्थितींपैकी ४०० झाल्या, तर हजेरी शेकडा ८० ठरते. परंतु हा आकडा दोन अगदी भिन्न परिस्थितींत सारखाच येतो. प्रत्येक मूल २० दिवस आले, तरी ८०. आणि १६ मुले रोज आली व ४ मुले एक दिवसही आली नाहीत, तरीही ८०. पहिल्या वर्गात सर्वांना थोडी शिस्त हवी आहे. दुसऱ्या वर्गातील चार मुले कदाचित आईबापांबरोबर ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर गेली आहेत, आणि त्यांचे शिक्षण तुटत आहे. सरासरी पाहून समाधान मानणारा शिक्षक या चौघांना गमावतो. म्हणून सरासरीबरोबर तिच्या भोवतीचा विस्तार पाहावा, हा संख्याशास्त्राचा दुसरा धडा होय. आणि त्या चौघांच्या नावांपुढे उपस्थितीची खूण केली गेली, तर आकडा सुंदर दिसेल, पण ती मुले शाळेतून आणि हिशेबातूनही नाहीशी होतील. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी योजनाही नाही.

आकडे वाचतानाही सावधपणा लागतो. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती. परंतु १९९१ च्या जनगणनेत कोणी हिंगोली जिल्हा शोधील, तर त्यास तो सापडणार नाही. कारण हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी दोहोंची सीमा एकच आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. तसेच पुसेगाव दोन आहेत, म्हणून जनगणनेत प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक असतो. नाव सारखे असले तरी गावाची भूक, शाळा आणि पाणी वेगळे असते.

भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी अखंड चालत आलेली जनगणना २०२१ मध्ये साथीमुळे होऊ शकली नाही. पुढील जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून तिचे वर्ष २०२७ हे आहे. या कार्यात घरोघर जाऊन नोंद करणारा बहुधा प्राथमिक शिक्षकच असतो. दिल्लीत छापल्या जाणाऱ्या कोट्यवधींच्या बेरजेचा आरंभ कोणा एका उंबरठ्यावर, एका प्रश्नाने होतो. विधवा वृद्धा, गावाबाहेरच्या पालावरचे कुटुंब, नुकतीच जन्मलेली मुलगी ही त्या वेळी सुटली, तर पुढे कोणतेही गणित त्यांना परत आणू शकत नाही.

म्हणून या शास्त्राचा परिचय मुलांनाही करून द्यावा. त्यासाठी मोठे साहित्य लागत नाही. शाळेच्या अंगणात दोरी व चार खुंट्या घेऊन १ मीटर आणि ५ मीटर बाजूचे दोन चौरस आखावेत. त्यांतील गवताची रोपे दोन गटांनी वेगवेगळी मोजावीत, आणि दोन्ही उत्तरे का जुळली नाहीत याची चर्चा करावी. पटावरील क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढून पाच मुलांची उंची मोजावी, तिची सरासरी सर्व वर्गाच्या सरासरीशी ताडून पाहावी, आणि चिठ्ठ्या पुन्हा काढून तोच प्रयोग करावा. रोजच्या पावसाची नोंद भिंतीवर करावी; ज्या दिवशी नोंद राहिली, त्या दिवशी अंदाजाने आकडा न लिहिता जागा कोरी ठेवावी. कोरी जागा लाज वाटण्यासारखी नसते, खोटा आकडा असतो, एवढे मुलांच्या मनावर ठसले तरी संख्याशास्त्राचा निम्मा अभ्यास झाला. उरलेला निम्मा गणिताने साधतो.