घरगुती विमानांचे प्रयोग



बांबू-कागदाची विमाने म्हणजे पोरखेळ, अशी आपली समजूत. १८७१ साली पॅरिसच्या त्वीलरी बागेत आल्फोन्स पेनो या २१ वर्षांच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे १६ ग्रॅमचे विमान सोडले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. खरी करामत शेपटीत होती. तिची आडवी पाती त्याने पुढच्या कडेशी किंचित खाली कलती बसविली होती. नाक खाली गेले की वेग वाढतो, वारा शेपटीला खाली दाबतो आणि नाक पुन्हा वर येते.

हे घरी पाहता येते. जाड कागदाचा ग्लायडर कापा, नाकाला मेण लावा. मेण जास्त झाले तर तो जमिनीत नाक खुपसतो. कमी पडले तर वर चढतो, थबकतो, कोसळतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. मेण आणि शेपटी एकदम हलविलीत तर काय कळणार, कपाळ!

राइट बंधूंना वडिलांनी १८७८ मध्ये दिलेले, सरळ वर उडणारे खेळणेही पेनोच्याच धर्तीचे. तसली त्यांनी पुढे घरी केली; पण जितकी मोठी, तितकी ती कमी उडत. सारी मापे दुप्पट केली की वजन आठपट होते, पात्यांचे क्षेत्र मात्र चौपटच! हे गणित त्या पोरांना ठाऊक नव्हते. प्रश्न मात्र हाती आला होता. आपल्याकडे असा प्रश्न विचारणाऱ्या पोराला आधी पाढे म्हणायला बसवतात.

असो. हा ग्लायडर आता येथूनच सोडतो. पुढल्या रांगेने जरा माना सांभाळाव्यात.