बारीतली पाच झाडं



रायपूरच्या आसपास दुष्काळ पडतो, असं सांगितलं की सोलापूर-बीडकडच्या माणसांना ते पटत नाही. आमच्याकडे वर्षाला सरासरी बाराशे मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे सोलापूरच्या जवळपास दुप्पट. गावोगाव तळी आहेत, महानदी आहे, धमतरीजवळ गंगरेलचं धरण आहे. तरीही २०१५ आणि २०१७ या दोन्ही वर्षी छत्तीसगढ सरकारला राज्यातले कितीतरी तालुके दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. धानाच्या मुलखात पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला, याला जास्त किंमत असते. आषाढ-श्रावणात धो धो कोसळून भाद्रपदात तो तीन आठवडे गायब झाला, की पोटरीत आलेला धान जागीच सुकतो. लोंब बाहेर येते ती पोचट. भंडारा-गोंदियाकडच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. आपला मुलूख एकच आहे, मध्ये फक्त राज्याची सीमा आली आहे.

जमिनीचंही यात बरंच देणंघेणं आहे. छत्तीसगढी शेतकरी जमिनीचे चार प्रकार मानतो. उंचावरची लाल मुरमाड ती भाटा, तिच्याखालची पिवळसर हलकी ती मटासी, मग डोरसा, आणि सखल भागातली काळी भारी ती कन्हार. कन्हारवाल्याला एखादा खंड सोसतो. भाटा-मटासीत पाणी टिकतच नाही, आणि कालव्याचं पाणी तिथवर चढत नाही. अशा जमिनीवर जगणाऱ्या घराचा कोठा एकाच वाईट भाद्रपदानं रिकामा राहतो. दिवाळी झाली की महासमुंदकडची कुटुंबंच्या कुटुंबं दूरच्या वीटभट्ट्यांवर जायला निघतात. ‘कमाए-खाए बर जाथन’ असं म्हणतात, म्हणजे कमवायला आणि खायला चाललो. यातल्या ‘खायला’चा काही भाग तरी गावातच सोडवता येतो, असं मला अनेक वर्षं वाटत आलं आहे. त्यासाठी घराच्या मागच्या दारानं बाहेर यावं लागतं.

छत्तीसगढच्या खेड्यात घरामागच्या कुंपणातल्या जागेला बारी म्हणतात. आपली परसबागच ती, पण जरा मोठी. कुठे पाच-सात गुंठे, कुठे अर्धा एकर. कौलांवर चढलेला कोहळा, मांडवावर दोडका आणि कारलं, कुंपणावर वाल, सांडपाण्याच्या तोंडाशी कोचई म्हणजे अळू, कोपऱ्यात मुनगा. तीजेच्या, म्हणजे हरतालिकेच्या, आदल्या संध्याकाळी माहेरी आलेल्या लेकी कारल्याची भाजी आणि भात खाऊन उपासाला बसतात. ते कारलं बारीतलं असावं, अशी प्रत्येक आईची इच्छा असते. पालेभाज्यांची तर गणतीच नाही. लाल भाजी, चेच, अमारी म्हणजे अंबाडी, चरोटा म्हणजे आपला टाकळा, बोहार म्हणजे भोकराचा कोवळा पाला, करमत्ता, खेडा. यातल्या काही पेराव्या लागतात, काही पहिल्या पावसाबरोबर आपोआप उगवतात. जुना धान संपलेला आणि नवा हाती न आलेला, अशा श्रावण-भाद्रपदाच्या ओढीच्या दिवसांत ताटात भाताबरोबर काही असेल तर ते इथलंच.

शेत आभाळाच्या पाण्यावर जगतं, बारी मात्र घरानं एकदा वापरलेल्या पाण्यावरही जगू शकते. आंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं पाणी दुष्काळातही रोज निघतं. वर्षभर निघतं. एका घराच्या तेवढ्या पाण्यात एकर काही भिजणार नाही, पण पाच झाडं आणि चार वाफे नक्की भिजतील. पावसाचा खंड पडला तर धानासाठी आपल्या हातात फारसं काही नसतं. झाडासाठी असतं.

माझी पाच झाडं कोणती, तेही सांगते. मुनगा, म्हणजे शेवगा. पपई. लिंबू. सीताफळ. आणि फणस. यादी बदलायला हरकत नाही. कुणी बोर, आवळा, बेल घेईल, आणि तीही चिवट, गुणी झाडं आहेत. पण मुनगा मात्र वगळू नका. पावसाळ्याच्या तोंडाला मनगटाएवढी फांदी जमिनीत रोवली तरी तो येतो. बियाण्यापासून लावायचा असेल तर तमिळनाडूतल्या पेरियाकुलमच्या संशोधन केंद्रानं काढलेली पीकेएम-१ ही जात वर्षाच्या आत शेंगा देते. कडक उन्हाळ्यात तो पानं गाळून जीव धरून राहतो आणि ओल मिळाली की पुन्हा फुटतो. शेंगा तर सगळेच खातात, माझा आग्रह पाल्यासाठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगढमधल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी सुमारे ६१ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. मुनग्याच्या पाल्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, अ जीवनसत्त्वाचा साठा आहे. त्यावर लिंबू पिळलं की ते लोह अंगी लागायला मदत होते. म्हणून लिंबू मुनग्याच्या शेजारी हवं. एकटा पाला रक्ताची सगळी उणीव भरून काढेल, असं मी म्हणणार नाही. अंगणवाडीतून किंवा दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या घ्यायच्याच. पण गोळ्या कधी येतात, कधी येत नाहीत. झाड दारातच असतं.

सीताफळ निवडण्याचं कारण शेळी. शेळ्या आणि गुरं त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. आमच्याकडे कांकेरचं सीताफळ नावाजलेलं आहे. तिथल्या डोंगरउतारावर कुणीही न लावता, न राखता ते फळतं. फणसाला वाट पाहावी लागते, सहा-सात वर्षं सहज. पण एकदा धरू लागला की कोवळ्या फणसाची भाजी, पिकलेले गरे आणि साठवून ठेवता येणाऱ्या आठळ्या, हे तिन्ही त्याच्याकडून मिळतं. त्याच्या सावलीत हळद आणि सुरण होतात. पपई मात्र घाईची. वर्षभरात फळ देते आणि दोन-तीन वर्षांत संपते. तिच्या बुडाशी पाणी साचलं की खोड कुजतं, म्हणून ती नेहमी उंचवट्यावर लावावी.

आता लावण्याविषयी. दर पावसाळ्यात लाखो रोपं लागतात आणि पुढचा उन्हाळा त्यातली थोडीच पाहतात, हे आपण सगळे जाणतो. रोप मरतं ते पहिल्या दोन उन्हाळ्यांत. मुरमाच्या जमिनीत पहारीनं नुसतं भोक पाडून खोचलेलं रोप पावसाळाभर हिरवं दिसतं, मग मुळाला मुरूम लागतो आणि ते खुंटतं. त्यासाठी खड्डा आत्ताच, वैशाखाच्या उन्हात खणायला हवा. फणसासाठी तीन फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल, लिंबाला दोन फूट पुरे. तो दोन-तीन आठवडे तापू द्या. मग तळ्यातला गाळ, मुरलेलं शेणखत आणि निंबोळीची पेंड घालून भरा. तळी या दिवसांत आटलेली असतात, गाळ फुकट मिळतो आणि तळंही खोल होतं.

पाण्यासाठी जुनी युक्ती पुन्हा सांगते. कुंभाराकडचं कच्चं पोत असलेलं, न रंगवलेलं मडकं रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. पाणी मडक्यातून झिरपत थेट मुळाशी जातं, उन्हानं उडत नाही. बुडाशी तणसाचं आच्छादन करा, आमच्याकडे त्याला पैरा म्हणतात, पण कोरड्या जमिनीत त्यानं उधई येते, म्हणून त्यात कडुनिंबाचा पाला मिसळा आणि खोडाला ते चिकटू देऊ नका. साबणाचं पाणी पालेभाजीवर थेट सोडू नका. आधी केळी आणि कोचईच्या खाचरातून ते जाऊ द्या, तिथून झाडांकडे.

इतकं सगळं केलं तरी एक अडचण उरते, आणि ती एकट्या घराला सुटत नाही. धान कापून झाला की आमच्याकडे गुरं मोकळी सोडतात. कुंपण ढिलं असेल तर एका दुपारी दोन वर्षांची मेहनत जाते. खरिपात गुरं बांधून किंवा राखून ठेवायची छत्तीसगढची जुनी रीत आहे, तिला रोका-छेका म्हणतात. गावानं बसून ठरवायचं आणि सगळ्यांनी पाळायचं. माझ्या मते, झाडं जगवायची असतील तर ही बैठक उन्हाळ्यासाठीही व्हायला हवी, आणि तिला गुरं राखणारा राऊत हजर हवा. त्याच्यावाचून केलेला ठराव कागदावरच राहतो.

मागच्या काही वर्षांत सरकारचंही बारीकडे लक्ष गेलं होतं. २०१९ पासून ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’ या नावानं एक कार्यक्रम राज्यभर चालला. ओढे, गुरं, उकिरडा आणि परसबाग, या चारही गोष्टी त्यात एकत्र बांधल्या होत्या. २०२० च्या हरेलीच्या सणाला शेण २ रुपये किलोनं विकत घ्यायला सुरुवात झाली, बचत गटांच्या बायकांनी गांडूळखत केलं, गोठाणांत, म्हणजे गावच्या गुरांच्या आवारांत, सामुदायिक बाऱ्या उभ्या केल्या. २०२३ च्या शेवटी सरकार बदललं आणि कार्यक्रमाचा जोर ओसरला. कल्पना चांगलीच होती. गावाचं पाणी, गुरं, खत आणि भाजी एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत, हे त्यात नेमकं ओळखलं होतं. पण बारीचा खरा पाया घरची बाई आहे. तिच्या नावावर शेत क्वचितच असतं, तरी बारीत काय लावायचं आणि कुठलं बी राखायचं, हे तीच ठरवते. तिला रोप, गाळ आणि कुंपण वेळेवर मिळावं, बाकीचं ती जाणते.

याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी वाल, घेवडे, पालेभाज्या, भात यांची गावरान बियाणी जमवली, मातीच्या घरात बियाणं बँक केली आणि गावोगावच्या बायकांना परसबागेसाठी बी दिलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. झाडांच्या बाबतीत असंच काम मणिभाई देसाईंच्या बायफ संस्थेनं १९८२ पासून दक्षिण गुजरातमधल्या वांसदा भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांबरोबर केलं. एकेका कुटुंबाची एकेक एकर वाडी, आंबा-काजूची कलमं, कडेनं जंगली झाडांचं कुंपण आणि मधल्या जागेत नेहमीची पिकं. पुढे नाबार्डनं हीच पद्धत अनेक राज्यांत नेली, छत्तीसगढमध्येही आणली. वाडीला एकर लागतो. ज्याच्याकडे एकर नाही, त्याच्याकडे बारी आहे.

तेव्हा श्रोतेहो, मृगाला अजून थोडे आठवडे आहेत. या आठवड्यात घरामागे पाच खड्डे खणा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी रोपवाटिकेत जाऊन रोपांची चौकशी आत्ताच करा, पाऊस लागल्यावर तिथे गर्दी होते. तुमच्या आईच्या, सासूच्या गाडग्यात वालाचं, दोडक्याचं, अंबाडीचं जुनं बी असेल तर त्यातलं मूठभर शेजारच्या घरी द्या. आणि ग्रामसभेत गुरांचा विषय निघाला नाही, तर तो तुम्ही काढा.