आईच्या सांगण्यावर उभा राहिलेला आकडा



गणरायाच्या मंडपात बालमृत्यूचा विषय काढावा का, हा विचार आमच्याही मनात आला. पण विषय लेकरांचा आहे आणि ऐकणारी घरं आपलीच आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 1992-93 च्या पहिल्या फेरीत देशात हजार जन्मांमागे सुमारे 109 मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत असल्याचं दिसलं. 2019-21 च्या फेरीत हा आकडा 42 वर आला. आपल्या मध्य प्रदेशात तो 49 होता.

हे कळतं कसं? सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांना प्रत्येक बाळंतपणाबद्दल विचारतात. मूल कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी झालं? आज आहे का? नसेल तर किती दिवसांचं, महिन्यांचं किंवा वर्षांचं असताना गेलं? आता दोन वर्षांच्या मुलाची पाच वर्षं अजून व्हायची आहेत. त्याला कसं मोजायचं? म्हणून पाच वर्षांचे लहान लहान टप्पे पाडतात आणि मूल ज्या टप्प्यांतून गेलं तेवढ्यातच धरतात. समजा, पहिल्या टप्प्यात शंभरातली 98 वाचली आणि पुढच्या टप्प्यात शंभरातली 99, तर दोन्ही टप्पे पार करणारी शंभरात 97 च. असाच गुणाकार शेवटच्या टप्प्यापर्यंत चालतो.

हिशेब चोख असतो, पण तो आईच्या सांगण्यावर उभा असतो. दहा महिन्यांचं गेलेलं बाळ ‘वर्षाचं होतं’ असं सांगितलं, की ते पहिल्या वर्षातल्या मृत्यूंमधून निसटतं. बारशाआधीच गेलेल्या बाळाचा तर उल्लेखच राहून जातो. ‘मुलं किती?’ म्हटलं, की सासूबाई पटकन ‘दोन’ म्हणतात आणि सूनबाई मान खाली घालते. जे बाळ सांगितलंच जात नाही, त्याचा जन्मही मोजला जात नाही आणि मृत्यूही. मग आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो आणि जिथे प्रसूतीची सोय, नवजात बाळाची काळजी वाढायला हवी, ते गाव नजरेआड होतं.

म्हणून एवढीच विनंती. सर्वेक्षणाच्या ताई दारात आल्या, तर सूनबाईला त्यांच्याशी एकटीनं बोलू द्या. महिना आठवत नसेल, तर बाळाचं उष्टावण झालं होतं का, ते रांगत होतं का, तेव्हा संक्रांत होती की दिवाळी, हे आठवून पाहावं. नाव ठेवलं नसलं, तरी ते बाळ आपलंच होतं. त्याला मोजू द्या.

गणपती बाप्पा मोरया!