परिसरभेट : आपल्या रानाचा पाठ
(गगनबावडा तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात ‘परिसरभेट’ या विषयावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय नवा नाही. अध्यापन विद्यालयात आपण सर्वांनी तो अभ्यासला आहे. तिसरी ते पाचवीच्या वर्गांना ‘परिसर अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातून दहा दिवस दप्तराविना असावेत असे सुचविले आहे. म्हणजे मुलांना बाहेर न्यावे की नेऊ नये, हा प्रश्न आता उरलेला नाही. कोठे न्यावे, काय दाखवावे आणि कसे दाखवावे, एवढेच ठरवावयाचे आहे. शहरातील शिक्षकाला त्यासाठी बसगाडी ठरवावी लागते. आपल्याला शाळेचे फाटक उघडले की पुरते.

तरीही शाळाभेटीत एक गोष्ट वारंवार दिसते. घाटमाथ्यावरील एका शाळेत चौथीच्या मुलांना ‘रानटी प्राण्यांची नावे लिहा’ असे सांगितले होते. मुलांच्या पाट्यांवर सिंह होता, जिराफ होता, झेब्रा होता. गवा एकाच्याही पाटीवर नव्हता. त्याच शाळेमागच्या भातखाचरात आदल्या रात्री गवे उतरून गेले होते आणि त्यांचे खूर चिखलात स्पष्ट उमटलेले होते. त्या मुलांना गवा ठाऊक नव्हता असे नाही. जे घरी ठाऊक असते ते शाळेत लिहावयाचे नसते, अशी त्यांची समजूत झाली होती. ही समजूत मोडणे हा परिसरभेटीचा पहिला हेतू आहे असे मी मानतो.

आता आपल्या परिसरात शिकविण्याजोगे काय आहे ते पाहू.

प्रथम गावाचे नावच घ्या. घाटाच्या माथ्यावर गगनबावडा आणि घाटाच्या पायथ्याशी, वैभववाडी तालुक्यात, भुईबावडा. एक बावडा आभाळाला टेकलेला, दुसरा भुईवर. भाषेचा आणि भूगोलाचा एवढा सुटसुटीत पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल? गडाच्या वाटेवर, जेथून दोन्हीकडचा मुलूख दिसतो, तेथे मुलांना उभे करा आणि विचारा, ‘येथे पडलेल्या पावसाचे पाणी कोठे जाईल?’ पश्चिमेच्या कड्यावरून उतरलेले पाणी थोड्याच अंतरावर अरबी समुद्राला मिळते. पूर्वेच्या उतारावरचे पाणी कुंभीत, कुंभीचे पंचगंगेत, पंचगंगेचे नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि कृष्णेबरोबर थेट आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जाते. पावलाच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांच्या वाटा अशा कायमच्या दुरावतात. ‘जलविभाजक’ हा शब्द फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले अधिक टिकते.

गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कित्येक वर्षी त्याहूनही अधिक. आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळकडे, तो जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर असतो. मात्र २०१९ आणि २०२१ साली महापुराचे पाणी चढले ते त्या शिरोळमध्ये. येथे पडलेला पाऊस तेथे पोहोचतो, हे मुलांना त्या उदाहरणावरून सहज पटते. डोंगरावर रान असले म्हणजे पावसाचे पाणी पालापाचोळ्यात मुरते आणि झऱ्यांतून सावकाश खाली येते. डोंगर बोडका झाला की ते मातीसकट धावत सुटते. आपले रान ही केवळ आपल्या तालुक्याची मालमत्ता नव्हे, हे येथील मुलाने समजून घेतले पाहिजे. खालच्या साऱ्या पंचगंगाकाठाशी त्याचा संबंध आहे.

दुसरी गोष्ट इतिहासाची. गगनगड शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधविला, असे मानले जाते. बाराव्या शतकाचा शेवट आणि तेराव्याचा आरंभ हा त्याचा काळ. गड येथेच का, याचे उत्तर मुलांकडूनच काढावे. कोकणातून मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर यावयाचे, घाटावरचा माल खाली जावयाचा, आणि या वाटांवर ज्याची नजर त्याच्या हाती व्यापाराची किल्ली. गडावर उभ्या असलेल्या मुलाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे बावडा ही रामचंद्रपंत अमात्य यांच्या घराण्याची जहागीर झाली. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्राचा कारभार ज्यांनी सांभाळला, तेच हे रामचंद्रपंत. राजनीतीवरील ‘आज्ञापत्र’ हा ग्रंथ त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात गडाभोवतीची झाडी जपावी, वाढवावी आणि तोडू देऊ नये, असे बजावले आहे. आरमारासाठी लाकूड लागते, पण रयतेची आंब्याफणसाची झाडे बळाने तोडू नयेत, कारण ती लावणाऱ्याने पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली असतात, असेही त्यात सांगितले आहे. ज्या घराण्याची गादी आपल्या गावी होती, त्याच्या मूळ पुरुषाने तीनशे वर्षांपूर्वी दिलेली ही शिकवण आपल्या वर्गात पोहोचू नये, ही खेदाची गोष्ट होय. मुलांना पळसंब्याच्या ओढ्यातील, अखंड कातळातून कोरलेली रामलिंगाची छोटी मंदिरेही दाखवावीत. बोरबेटजवळच्या मोरजाईच्या पठारावर न्यावे. देवाच्या नावाने राखलेली झाडी हा आपल्या पूर्वजांचा जंगलखात्यापूर्वीचा कायदा होता. श्री. वा. द. वर्तक आणि श्री. माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. आपल्या गावच्या देवराईत कोणती झाडे आहेत याची यादी मात्र आपल्या शाळेत असतेच असे नाही. ती मुलांनी करावी.

तिसरी गोष्ट रानातील जीवसृष्टीची. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक. राधानगरीच्या या रानाचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला, आणि २०२१ साली गगनबावड्याचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. उत्तरेला चांदोली-कोयनेचे रान आणि दक्षिणेला राधानगरी, आंबोली, गोवा. या दोहोंना जोडणारी वाट आपल्या शिवारावरून जाते. ही वाट तुटली तर दोन्हीकडची जनावरे आपापल्या बेटात कोंडली जातील.

धनेश पक्ष्याचे उदाहरण मुलांना हमखास आवडते. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचे तोंड लिंपून घेते. केवळ चोच जाईल एवढी फट राहते. नर कित्येक आठवडे तिला आणि पिलांना फळे आणून भरवितो. तो नर मारला गेला तर आतील सारे कुटुंब उपाशी मरते. पुन्हा, ढोली जुन्या झाडालाच असते, म्हणून जुने झाड गेले की धनेशाचे घर गेले. उंबराची व रानफळांची बीजे तोच दूरवर नेऊन टाकतो, म्हणजे धनेश गेला की उद्याचे झाडही गेले. कार्यकारणभाव शिकविण्यास याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून वाळून जाते, हेही असेच. पहिलीत असताना कारवी पाहिलेले मूल ती पुन्हा पाहते तेव्हा आठवीत असते. शाळेच्या नोंदवहीत ते वर्ष लिहून ठेवले तर पुढच्या शिक्षकाच्या उपयोगी पडेल.

येथवर सारे गोड झाले. परंतु बंधुभगिनींनो, आपल्या वर्गात ज्याच्या बापाचे भात गव्यांनी तुडविले आहे असे मूल बसलेले असते. त्याच्यापुढे ‘वन्य प्राणी आपले मित्र’ एवढेच वाक्य फळ्यावर लिहिणारा शिक्षक त्याचा विश्वास गमावतो. त्या मुलाचा राग खरा आहे, आणि वर्गात तो बोलून दाखविण्यास जागा मिळाली पाहिजे. त्यानंतर प्रश्न विचारावेत. गवे शिवारात केव्हा उतरतात? कोणत्या महिन्यांत? तेव्हा रानात चारा आणि पाणी असते का? मागच्या उन्हाळ्यात कोणता डोंगर जळला होता? पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळू शकते. पण अर्ज वेळेत आणि नीट लिहिला गेला पाहिजे. सातवीच्या वर्गात अर्जलेखन शिकवितो तेव्हा ‘सहलीस परवानगी मिळण्याबाबत’ या ठरावीक अर्जाऐवजी हा अर्ज लिहवून घेतला तर काय बिघडेल? ते मूल घरी जाऊन बापाचा अर्ज लिहून देईल, आणि शाळा आपल्या उपयोगाची आहे हे त्या घराला त्या दिवशी समजेल.

वणव्याचेही तसेच. गवत चांगले फुटते या समजुतीने माघ-फाल्गुनात डोंगराला काडी लावली जाते. आज आपल्यासमोर बसलेला बारा वर्षांचा मुलगा आणखी आठ वर्षांनी काडेपेटी खिशात घेऊन त्याच डोंगरावर गुरे राखीत असेल. त्याचा हात थांबेल तो दंडाच्या भीतीने फारसा नव्हे. त्या उतारावर धनेशाची ढोली कोणत्या झाडात आहे हे त्याने लहानपणी पाहिले असेल, तर थांबेल.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी थोडे व्यवहाराचे. आश्विन महिन्यात पाऊस ओसरला की सड्यांवर सीतेची आसवे, दवबिंदू अशी फुले असतात. तो काळ पठारासाठी उत्तम. गडासाठी मार्गशीर्ष-पौष. भर पावसात कड्याजवळ व ओढ्यात मुलांना नेऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीला आधी विश्वासात घ्यावे, पालकांची लेखी संमती घ्यावी, वनरक्षकांना कळवावे आणि वाट आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावी. गट लहान असावा आणि पुढे एक, मागे एक मोठे माणूस असावे. एकशिक्षकी शाळेने शेजारच्या शाळेस बरोबर घ्यावे. अंगभर कपडे व पायांत बूट असावेत. परत आल्यावर जळवा आणि गोचिडी पाहाव्यात. २०१६ साली दोडामार्गकडे माकडतापाने माणसे दगावली, तो रोग गोचिडीमुळेच पसरतो. आग्या मोहोळाच्या आसपास आरडाओरडा, धूर, दगडफेक अजिबात नको. एकटा गवा दिसला तर थांबावे, त्याची वाट मोकळी ठेवावी आणि सावकाश मागे फिरावे. छायाचित्राच्या मोहाने पुढे जाऊ नये.

बरोबर फार साहित्य नको. एक दोरी, एक मोजपट्टी, वही आणि पेन्सिल पुरे. दोरीने झाडाचा घेर मोजावा आणि त्यावरून व्यास काढावा; हे गणित झाले. पाच मिनिटे डोळे मिटून बसावे आणि ऐकू आलेले आवाज लिहावेत. ही भाषा झाली. झाडाला गावात काय म्हणतात ते आधी लिहावे, पुस्तकातील नाव नंतर. फुले तोडू नयेत, त्यांचे चित्र काढावे. गावातील किंवा धनगरवाड्यावरील एखाद्या जाणत्या आजोबांना, वैदू आजींना त्या दिवसापुरते गुरुजी म्हणून बोलवावे. आपण त्यांच्याशेजारी मुलांसारखे बसावे. शिक्षकाला नाव ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे व मुलांबरोबर शोधावे. त्याने शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

भेटीनंतरचे काम भेटीइतकेच महत्त्वाचे आहे. प्रत्येक शाळेत ‘रानाची वही’ असावी. कोणते झाड केव्हा फुलले, पहिला पाऊस कधी आला, गवे कधी उतरले, झरा कोणत्या महिन्यात आटला, एवढ्या नोंदी तीत तारखेसह कराव्यात. शिक्षकाची बदली होते, वही शाळेतच राहते. दहा वर्षांनी अशा वह्यांतून या तालुक्याची जी माहिती मिळेल ती दुसऱ्या कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

काहीजण म्हणतील, अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा आहे, माहिती भरावयाची आहे, त्यात हे कोठे बसवावे? अडचण खरी आहे, मी ती नाकारीत नाही. परंतु मी वर सांगितलेला प्रत्येक पाठ अभ्यासक्रमातच आहे. जागा तेवढी बदलावयाची आहे. वर्षातून तीन भेटी, एक पावसाळा संपताना, एक थंडीत आणि एक उन्हाळ्याच्या तोंडी, एवढ्याने आरंभ करावा.

आपली बरीच मुले उद्या कोल्हापूरला, पुण्याला, मुंबईला जातील. पोटासाठी ती जाणारच, आणि जावीत. जे राहतील त्यांच्या हाती हे रान असेल. जे जातील त्यांना कोणी विचारले, ‘तुमच्या गावाकडे काय आहे?’ तर ‘काही नाही, नुसता पाऊस आणि जंगल’ असे उत्तर त्यांच्या तोंडून निघू नये. काय काय आहे ते नावानिशी सांगता यावे, एवढी शिदोरी तरी त्यांच्याबरोबर द्यावी. ती देणे आपल्याच हाती आहे.

येत्या आश्विनात आपापल्या शाळेची पहिली भेट ठरवावी आणि रानाच्या वहीचे पहिले पान लिहून पुढील केंद्रसंमेलनास घेऊन यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.