पाण्याच्या पंगतीत पान कुणाचं?

श्रोतेहो, पूर्णेच्या पाण्यावर बोलणं निघालं की गाडी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यापाशी येऊन थांबते. येलदरी धरणात सुमारे 800 दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा. तिथलं पाणी आपल्या सिद्धेश्वर धरणात येतं आणि इथून कालव्यानं हिंगोली, परभणी, नांदेडच्या रानांत जातं. मुखाशी ऊस भिजतो तेव्हा टेलची चारी कोरडी, ही तक्रार खरीच आहे. पाणीवापर संस्थांच्या 2005 च्या कायद्यानं तिची दखलही घेतली. शेतकऱ्यांच्या या संस्थेच्या संचालक मंडळावर मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे अशा तिघांनाही जागा दिल्या. पहिल्या पानावर तीनदा बुंदी आणि शेवटच्या पानापर्यंत वरणही नाही, असं होऊ नये म्हणून वाढप्यावर नजर ठेवायची सोय झाली म्हणा ना! पण जिनं चुलीपुढं बसून हा सगळा स्वयंपाक केला, तिचं पान कुणी मांडलंय का?

संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रात ज्याची जमीन तो. पाणीमागणीचा नमुना नंबर सात काढून बघा. गट नंबर, पीक, क्षेत्र. निंदणाऱ्या बाईसाठी त्यात एक ओळ नाही. पाणीपाळीचा निर्णय मात्र आधी तिच्याच चुलीला जाऊन भिडतो. उन्हाळी पाळी नाही असं ठरलं, की भुईमूग पेरलाच जात नाही. मालकाचं रान मोकळं राहतं, जरा विसावतंही. पण निंदणी, काढणी, शेंगा तोडणी, सगळी मजुरी त्या एका निर्णयात बुडते. पाळ्या ठरतात कालवा सल्लागार समितीत, आणि तिथं चर्चा साठ्याची, पिकांची, थकबाकीची. बुडणाऱ्या रोजाची कुणी वहीत नोंदही करत नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण बातम्यांच्या आधीच्या गडबडीत ते निसटेल: पाण्यावर पीक जगतं तसा रोजगारही जगतो, आणि आपण हिशेब फक्त पिकाचा ठेवतो.

यावर बागायतदार म्हणतील, पाणीपट्टी आम्ही भरतो, ज्याला जमीन नाही तो पाणी घेऊन करणार काय? पट्टी भरता, मान्य. पण 1968 साली पुरा झालेला हा पूर्णा प्रकल्प पाणीपट्टीतून उभा राहिलेला नाही. तो सरकारी तिजोरीतला, म्हणजे सगळ्यांचा पैसा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुरंदर तालुक्यात मिळालं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं, ऊस वर्ज्य, आणि भूमिहीनालाही हिस्सा. त्या योजना लहान होत्या, आपल्या कालव्याला तोच अंगरखा बसायचा नाही, हेही खरं. तरी, बाबांनो, पाण्याचा हिस्सा हाती असला की मजूर बटाईची बोलणी खाली मान घालून करत नाही. एवढं तरी त्यातून दिसतंच ना?

मी उद्याच पाणी वाटून द्या म्हणत नाही. पाळी ठरते त्या बैठकीत मजूर बायांना दोन खुर्च्या द्या. 1977 च्या रोजगार हमी कायद्यानं याच राज्यानं काम मागायचा हक्क मानलेला आहे. मग ज्या दिवशी पाळी रद्द होते, त्याच दिवशी गाळ काढण्याची, बांधबंदिस्तीची कामं का उघडू नयेत? त्यासाठी जलसंपदा आणि तहसील यांनी एकमेकांना कोणता कागद, कधी पाठवायचा, ते सांगायचं होतं. पण निवेदक घड्याळाकडे बोट दाखवताहेत.