वाफेच्या गाडीचा छायाचित्रकार
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस यंदा चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा एका परदेशी छायाचित्रकाराचे चरित्र आपणांपुढे ठेवावे असे आम्ही ठरविले. ज्ञातीच्या सभेत अमेरिकेतील गृहस्थाचे गुणगान कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती रास्तच आहे. तिचे उत्तर एका वाक्यात देता येते. या गृहस्थाचे वडील शाळेत सुतारकाम शिकवीत असत.

ओ. विन्स्टन लिंक यांचा जन्म १६ डिसेंबर १९१४ रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात झाला. वडील अल लिंक हे तेथील सार्वजनिक शाळांत लाकूडकामाचे शिक्षक होते. त्यांनीच मुलांस हस्तकलेची गोडी लावली आणि विन्स्टनच्या हाती कॅमेरा दिला. मुलाने १९३७ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळविली. परंतु पोटापाण्याचा उद्योग म्हणून जाहिरातीचे छायाचित्रण पत्करले. १९४६ साली त्याने न्यूयॉर्क येथे स्वतःचा स्टुडिओ थाटला. व्यवसाय बरा चालला होता. तेवढ्यावर तृप्त राहिला असता तर आज त्याचे नाव घेण्याचे कारण उरले नसते.

१९५५ च्या जानेवारीत वातानुकूलन यंत्रांची छायाचित्रे घेण्यासाठी ते व्हर्जिनिया राज्यातील स्टाँटन गावी गेले. जवळच वेन्सबरो येथून नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची गाडी जात असे. लहानपणापासून आगगाडीचे वेड असलेले लिंक संध्याकाळी ती पाहावयास गेले आणि वाफेचे इंजिन पाहून तेथेच खिळून राहिले. त्यावेळी अमेरिकेतील बहुतेक रेल्वे कंपन्या डिझेलकडे वळल्या होत्या. वाफेच्या इंजिनास कोळसा हवा, वारंवार पाणी हवे, राख काढावयास आणि बॉयलर धुवावयास माणसे हवीत. डिझेलचे काम थोड्या हातांत भागते. नॉरफोक अँड वेस्टर्न ही कोळसा वाहणारी कंपनी आपली इंजिने रोआनोके येथील स्वतःच्या कारखान्यात बांधीत असे, म्हणून ती वाफेस सर्वांत शेवटपर्यंत धरून राहिली. परंतु तिचाही निश्चय १९५५ सालीच डळमळला आणि १९६० साली तिच्या मार्गावरील वाफेची वाहतूक संपली.

मधली ही पाच वर्षे लिंक यांनी वाया जाऊ दिली नाहीत. कंपनीची परवानगी मिळवून ते स्वखर्चाने सुमारे वीस वेळा त्या डोंगराळ मुलखात गेले आणि सुमारे २,४०० निगेटिव्ह घेऊन परतले. त्यांतील पुष्कळशी चित्रे रात्रीची आहेत. सूर्य आपल्या सोयीने हलविता येत नाही. रात्री मात्र प्रकाश आपण नेमू तेथेच पडतो, आणि काळ्या आकाशावर पांढरी वाफ उठून दिसते.

हे काम किती कष्टाचे होते, हे हातकाम करणाऱ्या आपल्या मंडळींस सहज उमगेल. एकेका चित्रासाठी डझनावारी दिवे लावावयाचे, त्यांच्या तारा अंधारात पसरावयाच्या, आणि गाडी ठरल्या जागी येताच सर्व दिवे एका क्षणी पेटवावयाचे. हे दिवे एकदाच पेटतात व जळून जातात. शिवाय ते मालिकेत जोडलेले. एक तार निखळली की सारेच मुके. गाडी चुकली की त्या रात्रीचे सर्व श्रम फुकट. म्हणून जॉर्ज थॉम नामक साहाय्यकास बरोबर घेऊन ते दिवस दिवस आधी जागा पाहून मापे घेत. वेस्ट व्हर्जिनियातील आएगर येथे १९५६ साली, उघड्यावरच्या सिनेमागृहामागून धावणाऱ्या गाडीचे जे प्रसिद्ध चित्र त्यांनी घेतले, त्यास चाळीसहून अधिक दिवे लागले. त्या झगझगाटात पडद्यावरील विमान पुसले गेले, तेव्हा ते दुसऱ्या निगेटिव्हवरून मागाहून छापले. आधी माप, मग करवत, हा सुतारशाळेचा पहिला पाठ येथे आम्हांस दिसतो.

परंतु या चित्रांचे मोल त्यांतील माणसांत आहे. बहुतेकांनी इंजिन तेवढे टिपले असते. लिंक यांनी इंजिनास तेल घालणारे व त्याला धुणारे कामगार टिपले. पुलावरून गाडी जात असता खाली लुरे येथील ओढ्यात डुंबणारी मुले टिपली. दिवाणखान्याच्या खिडकीतून दिसणारी गाडी टिपली. ग्रीन कोव्ह स्थानकावर गाडीस जुंपलेली मॉड नावाची म्हातारी घोडी इंजिनासमोर मान खाली घालून उभी आहे, हे चित्र तर पाहणाराच्या मनातून जात नाही. इंजिनांचे आवाजही त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवले.

या कामाची कदर फार उशिरा झाली. १९८३ साली नॉरफोक येथील संग्रहालयाने प्रदर्शन भरविले, १९८७ साली ग्रंथ निघाला, तेव्हा कोठे जगाने त्यांस ओळखले. ३० जानेवारी २००१ रोजी ते निवर्तले. २००४ साली रोआनोकेच्या जुन्या रेल्वे स्थानकात त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. त्यांच्याकडे १९५८-५९ साली उमेदवारी केलेले डेव्हिड प्लाउडन हे स्वतः नामांकित छायाचित्रकार झाले आणि पुढे शिकागोतील संस्थेत विद्यार्थ्यांस ही कला शिकवू लागले. एका सुतारकाम-मास्तराने घरात लावलेली ज्योत ती अशी हातोहात पुढे गेली.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या वाडवडिलांनी बैलगाडीची चाके घडविली, नांगर व पाभरी जोडल्या. रबरी टायर आला, ट्रॅक्टर आला आणि लाकडी चाक मागे पडले. त्याचा शोक करावा असे आम्ही म्हणत नाही. मुलांनी नव्या विद्या शिकाव्यातच. परंतु तुंबा कसा कोरीत, आरे कसे बसवीत, तापविलेली धाव चाकावर कशी चढवीत, हे दाखविणारे एक तरी चित्र आपल्यापैकी कितींच्या घरी आहे? आमच्या घरी आजोबांचे एकच छायाचित्र आहे. त्यात ते कोट-पागोटे घालून खुर्चीवर ताठ बसले आहेत. ज्या हातांनी त्यांनी आयुष्यभर वाकस चालविला ते मांडीवर रिकामे पडले आहेत. छायाचित्र काढून घ्यावयाचे तर कामाची खूण दिसू नये, अशी त्या काळची समजूत होती. ती समजूत अजून पुरती गेलेली नाही, याचेच आम्हांस वाईट वाटते.

आज प्रत्येक घरात मोबाइलचा कॅमेरा आहे. लिंक यांच्यासारखे तारांचे जाळे पसरण्याची गरज नाही. म्हणून आमची तरुण मंडळींस विनंती आहे की, ज्या घरी अद्याप एखादे वृद्ध कारागीर आहेत, तेथे त्यांस रंधा किंवा पटाशी हाती घेऊन दोन घटका बसवावे, चित्र घ्यावे, आणि त्याखाली त्यांचे नाव, गाव, हत्यार आणि साल लिहून ठेवावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत वऱ्हाडाच्या व सत्काराच्या फोटोंबरोबर अशी दहा चित्रे छापली गेली, तरी आजचे आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू. लिंक यांस पाच वर्षे मिळाली होती. आपल्या हाती किती आहेत, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे वय पाहून करावा.